नव्वदच्या पुढची थरथर

१२ जानेवारी, रविवार

गाडी आज खाली घेतली.

आजवर ह्यांना चाकाच्या खुर्चीतून पुढच्या सीटवर बसवायचं म्हणजे मी, मामा आणि गल्लीतलं हाताला लागेल ते माणूस, अशी झटापट असायची. एवढी दांडगी सात सीटची एसयूव्ही. तिची सीट खुर्चीपेक्षा हातभर उंच. काखेत धरून उचललेले हे, खाली लोंबणारे पाय, आणि बघायला अख्खी गल्ली. सीटवर बसले की हे काच वर करून घ्यायचे आणि औशापर्यंत जायचं असो की नांदेडपर्यंत, तासभर बोलायचे नाहीत.

म्हणून प्रीतमला विचारलं. ह्यांचा जुना गॅरेजवाला, गाडी नवी होती तेव्हापासूनचा. तो म्हणाला, "ताई, चारी स्प्रिंगा आखूड बसवू. गाडी चांगली खाली येते. पोरं शौक म्हणून करतात, आपण गरज म्हणून करू."

संध्याकाळी आणली. खुर्ची दाराला टेकवली, मध्ये गुळगुळीत फळी ठेवली, आणि हे दोन्ही हातांवर जोर देऊन एकटे सरकत सीटवर गेले. कुणी उचललं नाही. मी फक्त पाय उचलून आत ठेवले.

मामा (माझे सासरे शेषेराव) ओट्यावरून बघत होते. ते म्हणाले, "गाडी बसक्या म्हशीवानी दिसून राहिली." पण ओट्यावरून उतरून गाडीला हात लावून आले.

प्रीतमचं भलं होवो. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. नांदेडला गेलो. दर मंगळवार-शुक्रवार उमादेवी मॅडमकडे व्यायाम असतो. दसऱ्याच्या आधी शिरूर अनंतपाळजवळ एका शेतावर ठिबकचं काम चालू असताना हे पाण्याच्या टाकीवरून पडले. तेव्हापासून कमरेखाली काही नाही. मणक्याची नस पूर्ण तुटलेली नाही, दबलेली आहे, एवढंच डॉक्टर सांगतात. वर्षभर काही सांगता येणार नाही म्हणतात.

ड्रायव्हर ठेवा असं मामा रोज म्हणतात. हे म्हणतात, परक्या माणसानं मला उचलायचं न्हाई. म्हणून मीच चालवते. दसऱ्यापर्यंत मी लातूरच्या बाहेर गाडी काढली नव्हती. आता अहमदपूर, लोहा, नांदेड हा रस्ता पाठ झाला.

आज अहमदपूरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला, नव्वदच्या वर गेले, आणि गाडी थरथरायला लागली. स्टिअरिंग नाही, खालून. गिरणी सुरू असताना तिच्या ओट्यावर बसल्यासारखं. वेग कमी केला की बंद. मी घाबरून ऐंशीवरच ठेवली.

"अहो, कळतंय का तुम्हाला?"

"हाव," एवढंच म्हणाले. पण काच खाली केली होती, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मॅडमना तिळगूळ दिला. त्यांनी ह्यांच्या हातावर दोन वड्या ठेवल्या, "गोड बोला, बजरंगराव," म्हणाल्या. हे हसले. उदगीरची बाई आहे, बोलते चढ्या आवाजात, पण हात मऊ.

१७ जानेवारी, शुक्रवार

आजही तेच. नव्वदला सुरू होते, शंभरच्या जवळ घुमायला लागते.

लोह्याच्या अलीकडे हे आपण होऊन बोलले. "टाचेखाली घुमतंय बघ. मोटार लावलेल्या पाइपावर पाय ठेवल्यावानी."

गाड्यांबद्दल हे नेहमी असंच बोलतात. पाठीला सीट टेकलेली असते, त्यातून कळत असेल. गाडीशिवाय दुसरं काही बोलले असते तर बरं झालं असतं, पण निदान बोलले. नोव्हेंबरात एकदा अंगठा हलला म्हणून ह्यांनीच सगळ्यांना हाका मारल्या होत्या. आत्याबाईंनी (सासूबाईंनी) पेढे वाटले. मग डॉक्टर म्हणाले, तो नुसता झटका होता, पाय आपलाआप उडतो तसा. त्या दिवसापासून पायांबद्दल एक शब्द नाही. मॅडमनी विचारलं तरी "हाय तसंच."

१९ जानेवारी, रविवार

प्रीतमनं चाकं काढली, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली. एका टायरला पोट आलं होतं, तो बदलला. "आता लोण्यावानी पळेल," म्हणाला.

२१ जानेवारी, मंगळवार

लोणी नाही. तसंच आहे.

येताना लोह्याच्या पुढं टायरवाल्याकडे हवा बघायला थांबले. त्याची बायको बाहेर आली. उन्हात बसलेल्या ह्यांच्याकडे बघून काही न विचारता छत्री घेऊन काचेशी उभी राहिली. हवा भरेपर्यंत. तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

२८ जानेवारी, मंगळवार

ह्यांनी आज पक्कं सांगितलं. "डाव्या बाजूला जास्त हाय. उजवीकडं कमी. प्रीतमला म्हणावं, डावं चाक खोल."

मी म्हटलं, "स्टिअरिंगला तर काही कळत नाही."

"तुला न्हाई कळत. मला कळतंय."

जरा रागच आला. चालवते मी. पण गाडी ह्यांची, आणि ह्या गाडीनं दहा तालुके पालथे घातलेत. खडखड ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगणारा माणूस. म्हटलं, असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

डावं पुढचं चाक, डावं मागचं चाक, दोन्ही खोलली. बेअरिंग बघितली, ब्रेक बघितले. प्रीतम स्वतः गाडीत बसून अहमदपूरच्या रस्त्याला आला. नव्वदला गेल्यावर मला न्यूट्रल करायला सांगितलं, थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचं दुखणं नाही. मग मागच्या सीटकडे जाऊन गाडीच्या फ्लोअरवर हात ठेवून बसला.

"ताई, हे मधोमध हाय. सीटांच्या खाली. डावीकडं काहीच न्हाई."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मग म्हणाले, "राहू दे मग. एवढं काय बिघडून राहिलं त्यानं."

ज्या माणसाला घड्याळाचा आवाज बदललेला चालायचा नाही तो म्हणतोय राहू दे. मला हे चांगलं लक्षण वाटत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मामा आणि आत्याबाईही बरोबर होते. नांदेडला आत्याबाईंच्या बहिणीकडे जायचं होतं, शिवाय मागं तुरीची पोती. भरल्या गाडीत थरथर दुप्पट. पंच्याऐंशीलाच सुरू झाली. आत्याबाई देवाचं नाव घ्यायला लागल्या.

जाताना त्यांच्यासमोर हे काही बोलले नाहीत. ते दोघं नांदेडला राहिले. परत येताना आम्ही दोघंच. रस्ता मोकळा. मी सत्तरवर चालले होते.

"जरा दाब की," हे म्हणाले.

"कशाला?"

"नव्वदला ने. शंभरला ने."

"अहो, गाडी थरथरते."

"म्हणून तर म्हणून राहिलो. ने."

नव्वदला नेली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. हात मांड्यांवर. शांत झाला होता चेहरा. "आणखी," म्हणाले. "आणखी जरा."

मी पाय काढून घेतला. गाडी कडेला घेतली, दिवे लावले, आणि रडत विचारलं, "तुम्हाला काय व्हायचंय? खरं सांगा. आपल्या लेकीचा, आरतीचा विचार येतो का मनात? माझा येतो का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलतेय. "तसं काही न्हाई गं," म्हणाले. "तसं न्हाई." पुढं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकनिशी गाडी हलत होती. मग घरी आणली, साठच्या वर न जाता.

मी हे कुणाला सांगू? आरतीला पुण्यात परीक्षा आहे. मामांना सांगितलं तर ते गाडीची किल्लीच काढून घेतील. देवा, ह्यांच्या मनात काय आहे ते मला कळू दे, आणि कळलं की सोसायचं बळ दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज नीट लिहिते. 

मॅडमकडे पोचल्यावर ह्यांना सहाय्यकानं आत नेलं, आणि मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, मला भीती वाटते. हे मला गाडी पळवायला लावतात. थरथरणारी गाडी. डोळे मिटून बसतात. ह्यांना जगायचं नसेल का?

मॅडमनी माझा हात धरला. "थांबा. थरथर म्हणजे? सुरुवातीपासून सांगा."

मी सांगितलं. स्प्रिंगा, टायर, डावं चाक. चिडूनच सांगितलं. म्हटलं, हे म्हणतात डाव्या टाचेखाली घुमतंय, म्हणून आम्ही डावी बाजू सगळी उघडली, तर तिथं काहीच नाही.

मॅडमनी हात सोडला.

"काय म्हणतात ते? कुठं घुमतंय?"

"डाव्या टाचेखाली."

"टाचेखाली म्हणतात? पाठीला न्हाई? कमरेला न्हाई?"

"टाचेखाली. पाइपावर पाय ठेवल्यासारखं."

"अय्यो, उज्वलाताई," एवढं म्हणून त्या आत पळाल्याच. पन्नाशीची बाई, साडीचा पदर खोचून पळाली.

मी मागोमाग गेले. त्यांनी ह्यांना पलंगावर आडवं केलं, डोळ्यांवर रुमाल टाकला. ड्रॉवरमधून लोखंडी चिमट्यासारखं एक काढलं. तळहातावर आपटलं की ते गुणगुणतं. ते ह्यांच्या डाव्या घोट्याच्या हाडावर टेकवलं.

"बजरंगराव, काही वाटतं का?"

हे काही बोलले नाहीत. ओठ घट्ट.

"बोला. चुकलं तर चुकलं. इथं कुणी पेढे वाटणार न्हाई."

"हाय," हे म्हणाले. इतकं हळू की मला वाटलं मीच मनात म्हटलं.

मॅडमनी ते हातानं बंद केलं आणि न वाजणारं टेकवलं. "आता?"

"आता न्हाई."

परत वाजवलं. "आता?"

"हाय. घुमतंय."

कितीदा तरी केलं. मध्येच वाजतं, मध्येच मुकं. ह्यांना दिसत नव्हतं. एकदाही चुकले नाहीत. उजव्या घोट्याला "जरासं, लई लांबून आल्यावानी" म्हणाले. मग मॅडम स्टुलावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं, आणि मला कळलं की मी एवढे आठवडे डावं चाक खोलत होते.

मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते वर आले, त्यांनीही बघितलं. ते सावध माणूस. म्हणाले, "संवेदना परत येतेय. चांगलं आहे. पण पायात ताकद येईलच असं मी म्हणणार नाही. काहींना नुसती संवेदना येते आणि तिथंच थांबते. तेही थोडं नाही. पायाला जखम झाली, भाजलं, तर कळेल." मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही एवढंच दिलंत तरी पुरे आहे.

परत येताना अहमदपूर आलं. मग मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"भास वाटला," हे म्हणाले. "नोव्हेंबरात फसलो ना. सगळ्यांची तोंडं बघितली होती मी. म्हणून पायाचं नाव घेतलं न्हाई. गाडीचं घेतलं." पुढं म्हणाले, "शंभरला नेली की लई स्पष्ट येतं. तेवढ्यासाठी म्हणत होतो. तू रडायला लागलीस."

मी गाडी कडेला घेतली नाही. रडत रडतच चालवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आत्याबाईंना पेढ्यांची बंदी केली आहे. त्या म्हणाल्या, मग साखर तरी तोंडात घाल. घातली.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रीतम घरी आला. मी त्याला परवाच बोलता बोलता सांगितलं होतं, मागं माणसं आणि पोती होती त्या दिवशी थरथर दुप्पट झाली. त्याच्या डोक्यात ते राहिलं. "मागं वजन पडलं की गाडी आणखी बसते," म्हणाला, "अन् बसली की वाढते. म्हंजे दुखणं उंचीचं हाय."

गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते बूट दिसत होते. बाहेर आला तो तोंड उतरलेलं.

मला ओट्यावर बसवून समजावलं. इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब शाफ्ट असतो. त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट. कंपनी दोन्ही टोकांचा कोन सारखा ठेवते. एका जॉइंटचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. "आपण गाडी खाली घेतली, तसा मागचा अॅक्सल वर सरकला अन् जरा फिरला. कोन सारखे राहिले न्हाईत. हळू चालताना पत्ता लागत न्हाई. नव्वदला शाफ्ट भिंगरीवानी फिरतो, मग तो हिसका सगळ्या फ्लोअरला जातो. ताई, मी चाकं बघत बसलो. बिघाड माझाच होता, स्प्रिंगा बसवताना शाफ्ट बघायला पायजे होता. न्हाई बघितला."

असं तोंडावर कोण सांगतं? त्याला म्हणता आलं असतं, गाडी जुनी झाली. मी त्याला चहा दिला आणि मनातून हात जोडले.

"आता जॉइंटमधले क्रॉस, म्हंजे फुलीवानी तुकडे असतात, तेबी झिजलेत," तो म्हणाला. "वेगात तुटला तर शाफ्ट खाली पडतो. रस्त्यात रुतला तर गाडी उचलून फेकतो. ही आता हायवेला काढायची न्हाई. जुन्या स्प्रिंगा परत बसवतो, क्रॉस नवे टाकतो."

हे खुर्चीत ऐकत होते. म्हणाले, "एवढी घाई काय हाय? पंधरा दिवस राहू दे."

आता मला कारण कळत होतं. प्रीतमला कळत नव्हतं, तो माझ्याकडे बघत राहिला.

तो शाफ्ट सोडवायला परत गाडीखाली गेल्यावर हे म्हणाले, "गाडी गप झाली अन् पायही गप झाला तर?"

"मॅडमकडे ते वाजणारं आहे की."

"ते घोट्यापुरतं. इथं सगळा तळवा बोलतो, उज्वला. तुला काय सांगू. चार महिने मला पाय नव्हते. तिथं अहमदपूरच्या पुढं असतात."

ह्या माणसाकडून तेवढं काढून घ्यायचं?

तेवढ्यात प्रीतम परत आला. त्यानं सुटा करून आणलेला शाफ्ट ह्यांच्या मांडीवर आडवा ठेवला. ह्यांनी जॉइंट हातात धरला, हलवला. खडखड वाजलं. गंज बोटाला लागला. परत हलवला. यंत्र हातात आलं की हे वेगळेच माणूस होतात, जुने. 

"हे घेऊन ही मला आठवड्यातून दोनदा नेत होती?" प्रीतमला विचारलं.

"हाव दादा."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अन् मी हिला म्हणत होतो, दाब."

शाफ्ट परत दिला. "बदल. आजच काम धर."

२३ फेब्रुवारी, रविवार

गेला आठवडा भाड्याच्या रुग्णगाडीनं गेलो. परक्या माणसांनी उचललं. ह्यांनी उचलणाऱ्या दोघांना उलट नावं विचारली, गाव विचारलं.

गाडी परत उंच होणार, मग बसायचं कसं, ही काळजी मला होती. सकाळी उठून बघते तर फाटकाशी वाळू, विटा, गवंडी, आणि मामा कमरेला उपरणं बांधून उभे. सीटच्या उंचीचा ओटा आणि त्याला लांबलचक उतार. खुर्ची उतारावरून वर न्यायची, तिथून फळीवरून सरळ गाडीत. ना उचलणं, ना गाडी खाली घेणं. नांदेडला मॅडमकडचा व्हरांडा जवळपास तेवढाच उंच आहे, हे मामांच्या ध्यानात होतं. आमच्याबरोबर नांदेडला आले त्या दिवशी ते मुकाट्यानं हातानं उंची मोजून आले होते म्हणे.

"गाडीला कशाला वाकवायचं," मामा म्हणाले. "जमीन उचलू आपण."

मी एवढे दिवस समजत होते, मामांना माझं गाडी चालवणं पसंत नाही. आज गवंड्याला सांगत होते, "सुनेला वळवायला जागा ठेव. ती रिव्हर्स लई भारी घेते."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी मिळाली. ओट्यावरून हे आपले आपण बसले.

अहमदपूरच्या पुढं मोकळा रस्ता. मी ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव असा वेग वाढवत नेला. काहीच नाही. डॅशबोर्डवरच्या बाटलीतलं पाणीसुद्धा निवांत. नवी गाडी घेतली होती त्या दिवसासारखी.

ह्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. शेवटी बघितलं. खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही हातांनी गुडघे धरलेले.

"काय?"

"काय न्हाई."

लोहा गेलं. "काही आहे का?" मी परत विचारलं.

"न्हाई गं. गप हाय सगळं." मग हसल्यासारखं करून, "प्रीतमनं काम चांगलं केलं."

इतकी गुळगुळीत गाडी आणि इतकं जड मन कधी झालं नव्हतं.

मॅडमनी आज कापूस घेतला, मग बोथट सुई, मग ते वाजणारं. रुमाल डोळ्यांवर. डाव्या पायाला नडगीच्या अर्ध्यापर्यंत हे ओळखत होते, कापूस आहे की सुई. उजव्या घोट्यालाही वाजलेलं आता "लांबून" नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "बजरंगराव, गाडीनं काही दिलं न्हाई तुम्हाला. तुमच्यातच येत होतं. गाडीनं फक्त तुम्हाला ते ऐकवलं."

हे बराच वेळ आपल्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, उद्या सुट्टी हाय का तुमची? न्हाईतर उद्याबी आलो असतो."

परत येताना पहिल्यांदाच झोपले गाडीत. तोंड उघडं टाकून. मी नव्वदला ठेवली आणि घरापर्यंत ब्रेकसुद्धा जपून दाबला.

१७ मार्च, सोमवार

मध्ये लिहायला झालं नाही. ह्यांना नवा त्रास सुरू झालाय. तळवे जळजळतात, मुंग्या येतात, विशेषतः संध्याकाळी. चिडचिड करतात. डॉक्टर म्हणाले, नस जागी होताना असं होतं, गोळी दिली. अजून पाऊल हलत नाही. मॅडम दर वेळी "हलवा" म्हणतात, हे घाम येईपर्यंत जोर लावतात, पाऊल तसंच. हलेल न हलेल.

मी मात्र आता झोपताना भीत नाही.

३० मार्च, रविवार. अर्धापूर

पाडवा. माहेरी आलो, शिवशंकरदादाकडे. नांदेडच्या पुढं गाडी पहिल्यांदाच आणली. दादानं अंगणात आधीच फळ्यांचा उतार करून ठेवला होता. मामांनी फोनवर उंची सांगितली म्हणे. आरतीही पुण्याहून आली आहे.

जेवणं झाल्यावर ह्यांनी केळीचा बाग बघायचा हट्ट धरला. दादानं आणि आरतीनं खुर्ची बांधावरून नेली. सावलीत थांबवली, बूट-मोजे काढून पाय जमिनीवर ठेवले, गारवा लागू दे म्हणून. ह्यांनी पाच मिनिटांत दादाचं सगळं ठिबक तपासलं. "फिल्टर कधी धुतला होता? अर्ध्या नळ्यांना पाणी न्हाई. केळीला काय कुंकू लावून वाढवतोस का?" दादा हसत फिल्टर खोलायला गेला, आरती त्याच्यामागं. एवढ्या मोठ्यानं हे दसऱ्यानंतर आजच बोलले.

मी शेताच्या कडेला, धुऱ्यावर बसले होते. पानांची सळसळ ऐकत डोळा लागत होता.

"उज्वला, बघ गं, पायाला काय झालं?"

"जळजळ होतेय का?"

"जळजळ न्हाई. वेगळंच हाय. टोचून राहिलंय. उजव्याला. बघ की!"

मी उठून गेले. खुर्चीचं चाक वारुळाच्या काठावर होतं. ह्यांच्या उजव्या पावलावर तांबड्या मुंग्या चढल्या होत्या, बोटांच्या बेचक्यांत, घोट्याभोवती. दोन-तीन जागी लाल चट्टे उठले होते. उजवा पाय. ज्याला लांबून आल्यासारखं वाटायचं तो.

मी खाली बसले आणि बघतच राहिले.

"अगं चावतायत! काढ की! बघत काय बसलीस!" हे ओरडले.

काढल्या. सगळ्या काढल्या. शेवटची मात्र जरा सावकाश.